निळ्या खुणेचा नळ

मुहर्रकच्या या घरात, ऑगस्टात,
निळ्या खुणेचा नळ चटका देतो
आणि लाल खुणेचा जरा गार.
टाकी गच्चीवर, गच्ची उन्हात.
गीझर बंद ठेवायचा,
मग त्याच्या पोटातलं पाणी सावलीत बसून राहतं.
हे मला पहिल्या दिवशी कुणी सांगितलं नव्हतं.
पहिली अंघोळ मी ओरडत केली.

त्याआधी अकरा वर्षं नर्सेसच्या वसतिगृहात:
चौघींत एक शेगडी,
फ्रिजमधल्या डब्यांवर नावांच्या चिकटपट्ट्या,
सुकट भाजायची तर आधी तिघींना विचारायचं.
इथं विचारायला कुणीच नाही,
तर पहिल्या रात्री दहीभात खाल्ला.
उभ्यानं, पातेल्यातूनच.

शुक्रवारी ड्रिल आणलं.
दुकानातला कुंजुमोन म्हणाला, सिस्टर, मिस्टर कुठे आहेत?
म्हटलं, आठचा बिट दे, आणि गिट्ट्या बारा.
भिंत वरून सिमेंटची, आत समुद्रातला जुना दगड.
बिट आत गेला तो लोण्यात गेल्यासारखा.
पांढरा भुगा सांडला पायांवर,
त्यात शिंपल्याचा एक तुकडा,
नखाएवढा.
लेव्हल नव्हती. पेलाभर पाणी फळीवर ठेवलं.
पाणी म्हणालं, ठीक आहे.

पहाटे चारला फळी खाली आली.
हळद, मोहरी, कारळं,
बार्शीहून वन्संनी पाठवलेलं येसर,
सगळं फरशीवर एका जातीचं झालं.
दार वाजलं.
समोरच्या उम्म जासिम, नमाजाच्या ओढणीत,
हातात झाडू घेऊनच आलेल्या.
खाली वाकून बोट लावलं, वास घेतला.
कुरकुम, म्हणाल्या.
हळद, मी म्हणाले.
आणि दोघी शिंकत सुटलो, त्या जास्त.

भिंतीवर पिवळा ओघळ राहिला.
घरमालकाच्या कागदावर लिहिलंय: भिंती पांढऱ्या.
कुंजुमोनच्या तक्त्यात पांढरे एकोणीस निघाले.
मी सहावा निवडला, चुकला.
दोन हात दिले तरी खालून हळद वर येतेच.
आता तिथं कॅलेंडर आहे.

दुसऱ्या फळीच्या वेळी उम्म जासिम स्वतः आल्या.
मधल्या बोटाचं पेर वाकवून भिंत ठोकत गेल्या,
कान लावून,
डॉक्टर छाती ठोकून पाणी कुठंवर चढलंय बघतात तशा.
इथं भद्द. इथं भद्द.
खिडकीपाशी टण्ण.
मला बघून मान हलवली.
मी छिद्र तिथं पाडलं.
खरं तर हे काम माझं, रोजचं,
पण भिंतीलाही छाती असते हे सुचलं नव्हतं.

ज्वारीचं पीठ मिळतं मनामात,
पण कुठल्या सुगीचं ते विचारू नये.
विरी गेलेली. भाकरी उचलली की नकाशा होतो.
त्या दिवशी चिडून परात तशीच सिंकमध्ये ठेवली,
नळ सोडला, निळा.
वाफ आली.
पीठ मळता मळता हाताला चिकटलं,
मग हात सोडेना,
आणि थापताना कडेला एकही भेग नाही.
आधण ठेवायची गरजच नव्हती या गावात,
सूर्य वर टाकीखाली सरपण घालत बसलाय.

भाकरी फुगली, मी एकटीच हसले.
दोन नेऊन दिल्या समोर.
उम्म जासिमनी त्यावर मह्यावा ओतला,
आंबवलेल्या मासळीचा, तपकिरी, पातळ,
जिन्यापर्यंत वास.
अर्धी मला दिली.
वसतिगृहात याला तिघींनी नाही म्हटलं असतं.
चौथीनंही. चौथी मी.

दुसरी फळी अजून आहे.
डावीकडे जराशी उतरती.
एसी सुरू झाला की ती थरथरते, वरून विमान गेलं की जास्त,
आणि डबे इंचइंच सरकत
आठवड्यात खिडकीशी गोळा होतात.
शनिवारी मी त्यांना परत उजवीकडे लावते.